लांबलचक नावांना घाबरू नका!

दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात चांगले गुण मिळवणारी मुले-मुली कॉलेजात विज्ञान शाखा घेतात आणि जीवशास्त्रातल्या एका भागापाशी हमखास अडखळतात. तो भाग म्हणजे प्रोटिस्टा आणि अपृष्ठवंशीय प्राणी. ‘‘अम्मी, मला नाही जमणार हे. सायन्स सोडते मी,’’ असे शब्द मग घरात ऐकू येतात. जिला नर्सिंग, फार्मसी किंवा बीएस्सी करायचे असते, ती दोन-तीन प्रकरणांच्या धास्तीने मागे फिरते.

खरे पाहता अशा मुलीला विषय जड जात नाही, नावे जड जातात. प्लॅटीहेल्मिंथिस, एकायनोडर्माटा ही नावे मुळात ग्रीक आणि लॅटिन आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही ती नव्यानेच शिकावी लागतात. या बाबतीत आपली मुले मागे नाहीत, हे आधी त्यांच्या मनावर ठसवा.

नाव फोडा, अर्थ सापडेल

‘पॉड’ म्हणजे पाय. मराठीतला पाय, फारसी-उर्दूतला ‘पा’ आणि ग्रीक ‘पॉड’ हे एकाच भाषाकुळातले भाऊबंद. ज्या घरात पाया शिजतो, त्या घरातल्या मुलीला हा शब्द परका कसा? आता पुढे चला. ‘स्यूडो’ म्हणजे खोटा, म्हणून स्यूडोपोडिया हे अमिबाचे खोटे पाय, छद्मपाद. ‘आर्थ्रो’ म्हणजे सांधा, म्हणून आर्थ्रोपोडा हे संधिपाद. ‘गॅस्ट्रो’ म्हणजे पोट, म्हणून पोटावर सरकणारी गोगलगाय गॅस्ट्रोपोडा वर्गातली. ‘सेफॅलो’ म्हणजे डोके, म्हणून डोक्याला बाहू फुटलेले माकूल सेफॅलोपोडा वर्गातले. एका शब्दाने चार नावे उलगडली. वहीच्या शेवटच्या पानावर अशा तुकड्यांची यादी करा: प्लॅटी म्हणजे चपटा, हेल्मिंथ म्हणजे कृमी, एकायनो म्हणजे काटेरी, डर्मा म्हणजे त्वचा.

पाच प्रश्नांची शिडी

प्रत्येक संघाला हे पाच प्रश्न विचारा. शरीरात ऊती आहेत का? सममिती कोणती? जननस्तर दोन की तीन? देहगुहा आहे का? शरीर खंडांत विभागलेले आहे का? मग एकेका संघात नवे काय आले ते दिसू लागते.

पोरिफेरा, म्हणजे स्पंज, यांच्यात पेशी आहेत पण खऱ्या ऊती नाहीत. अंगभर छिद्रे, त्यांतून पाणी खेळते. निडारियात ऊती आल्या, अरीय सममिती आली, दंशपेशी आल्या. पण जननस्तर दोनच आणि तोंड हेच एकमेव द्वार. चपट्या कृमींत द्विपार्श्व सममिती आणि तिसरा स्तर आला, देहगुहा मात्र नाही. गोल कृमींत, म्हणजे पोटातल्या जंतांत, फसवी देहगुहा आली आणि अन्ननलिकेला तोंड व गुदद्वार अशी दोन टोके मिळाली. गांडूळ आणि जळू यांच्या ॲनेलिडा संघात खरी देहगुहा आणि वलये आली.

पुढचे संघ तर बाजारात आणि घरातच भेटतात. कोळंबी, चिंबोरी, झुरळ, विंचू हे आर्थ्रोपोडा: सांध्यांचे पाय, कायटिनचे कवच, प्राणिसृष्टीतला सर्वांत मोठा संघ. कालवे, तिसऱ्या, माकूल हे मऊ शरीराचे मोलस्का. कोळंबी साफ करताना तिचे पाय आणि कवच मुलीला दाखवा. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी बरणीतला नमुना ओळखायला याचा उपयोग होतो. शेवटी तारामाशाचा एकायनोडर्माटा संघ: हे प्राणी फक्त समुद्रात राहतात. त्यांच्या डिंभात द्विपार्श्व सममिती असते, प्रौढात अरीय. हा फरक परीक्षकांचा आवडता.

प्रोटिस्टा: चाल पाहा, आजार ओळखा

या एकपेशीय जीवांची विभागणी हालचालीच्या अवयवावरून लक्षात ठेवा. अमिबाला छद्मपाद, युग्लिनाला कशाभिका, पॅरामेशिअमला रोमके, आणि प्रौढ अवस्थेत असा अवयवच नसलेला परजीवी प्लाझमोडिअम, म्हणजे मलेरियाचा जंतू.

प्लाझमोडिअमचे जीवनचक्र गोष्टीसारखे सांगता आले पाहिजे. ॲनाफिलिसची मादी चावते, जंतू रक्तातून यकृतात जातात, तिथे वाढून लाल रक्तपेशींत शिरतात. त्या पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप भरतो. पुढचा डास रक्त पितो आणि त्याच्या पोटात जंतूंचे लैंगिक प्रजनन होते. डासातला हा टप्पा रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला शोधला आणि 1902 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

हमखास चुका

मलेरियाच्या जंतूचा अंतिम पोशिंदा डास आहे, माणूस नव्हे. कारण लैंगिक प्रजनन डासात होते. जेलीफिश, स्टारफिश, कटलफिश, सिल्व्हरफिश यांतला एकही मासा नाही: ते अनुक्रमे निडारिया, एकायनोडर्माटा, मोलस्का आणि आर्थ्रोपोडा संघांतले. शास्त्रीय नावात पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत, दुसरा शब्द पूर्ण लहान लिपीत, आणि हाताने लिहिताना दोन्ही शब्द वेगवेगळे अधोरेखित करायचे. याचेही गुण जातात.

शेवटचे दहा दिवस

पहिल्या दिवशी पाच प्रश्नांचा तक्ता करून भिंतीला लावा. पुढचे सहा दिवस रोज दीड-दोन संघ घ्या. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा हे जास्त टिकते. आठव्या दिवशी आकृत्या: पॅरामेशिअम, हायड्रा आणि गांडुळाचा छेद, पेन्सिलीने, नावांच्या रेघा एकमेकींना न छेदता. उरलेले दोन दिवस मागच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. उत्तर समजून घेताना उर्दूत, मराठीत, कोकणीत, कशातही समजून घ्या. लिहिण्याचा सराव मात्र इंग्रजीतच करा.

पालकहो, तुम्हाला जीवशास्त्र येत नसले तरी बिघडत नाही. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे बसा आणि विचारा, ‘‘बेटा, आज कोणता प्राणी शिकलीस? आम्हाला समजेल असा सांग.’’ जे अम्मीला समजावून सांगता येते, ते परीक्षेत विसरले जात नाही.