झाशीच्या बागेतील हिवाळी फुले

मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती तेथील राणीमुळे आणि किल्ल्यामुळे. त्या नगरातील फुलबागांचा विचार सहसा कोणी करीत नाही. बुंदेलखंडातील हा प्रदेश उन्हाळ्यात भाजून निघतो. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो आणि ‘लू’ नावाचे तप्त वारे कोवळी पाने करपवून टाकतात. पावसाळ्यात ओल इतकी वाढते की नाजूक रोपे मुळाशी कुजतात. फुलांना खरा ऋतू उरतो तो ऑक्टोबर ते मार्च एवढाच. विलायतेतील माळी ज्या महिन्यांत हात चोळीत घरात बसतो, त्याच महिन्यांत झाशीच्या माळ्याला उसंत नसते.

जानेवारीत येथील पहाटेचे तापमान साधारणतः ८ ते १० अंशांच्या आसपास असते, दुपारी ऊन स्वच्छ पडते. फुलांच्या रंगास हे हवामान फार मानवते. गुलाबाच्या तांबड्या वा जांभळट छटा अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांपासून येतात. ही द्रव्ये थंडीत व भरपूर प्रकाशात अधिक तयार होतात, उष्म्यात कमी. शिवाय थंडीत पाकळ्यांचा श्वसनवेग मंदावतो व साठविलेली शर्करा पुरवून पुरवून वापरली जाते. म्हणून एकाच झुडपाचे फूल एप्रिलमध्ये फिकट व अल्पायुषी, तर जानेवारीत गडद व टिकाऊ निघते.

हिवाळी वाफ्यांतील बहुतेक फुलझाडे परदेशी आहेत. फ्लॉक्स टेक्सासचा, पिटुनिया दक्षिण अमेरिकेचा, कॅलेंडुला व स्वीटपी भूमध्य समुद्राभोवतालचे. यांतील शेवटच्या दोहोंना झाशीचा हिवाळा परका वाटत नाही. त्यांच्या मायभूमीत पाऊसच थंडीत पडतो. तेथे त्यांचे बी शरदात रुजते व वसंतात फुलून उन्हाळ्यापूर्वी आयुष्य संपविते. झाशीत त्यांचा हाच क्रम चालू राहतो. उलट ट्यूलिपच्या कंदास अनेक आठवडे कडक थंडी मिळाल्याविना फूल धरत नाही, आणि तेवढी थंडी येथे नाही. त्याच्यामागे पैसा दवडणे व्यर्थ होय.

शेवंतीची गोष्ट निराळी. तिला थंडीपेक्षा रात्रीची लांबी महत्त्वाची. गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, अनेक वनस्पतींचे फुलणे दिनमानावर अवलंबून असते. झाशीत जूनमधील दिवस सुमारे पावणेचौदा तासांचा, तर डिसेंबरमधील साडेदहा तासांचा असतो. रात्री लांबू लागल्या की शेवंती कळ्या धरते. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांना शंकेश्वर या तणावरील प्रयोगांत आढळले की, अंधाराच्या मध्येच थोडा वेळ प्रकाश पाडला तरी फुलणे थांबते. तेव्हा शेवंतीची अथवा लाल पर्णदलांच्या पॉइन्सेटियाची कुंडी रस्त्यावरील दिव्याखाली ठेवली, तर ती हिरवीगार वाढेल पण रंगास उशीर लावील. अशा वेळी खताला दोष देणे अन्यायाचे. कुंडी काळोख्या कोपऱ्यात हलविणे पुरे.

पेरणीच्या वेळेस मात्र क्षमा नाही. ऑगस्टमध्ये बी टाकले तर बुरशीमुळे रोपे कोलमडतात. डिसेंबरपर्यंत थांबले तर झाड पुरते वाढण्याआधीच मार्चचा उष्मा गाठतो व दोन-चार किडकिडी फुले देऊन ते सुकते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. चार-सहा पाने आल्यावर रोपे वाफ्यात लावावीत. लार्कस्पर व पॉपी यांची मुळे हलविणे सोसत नाहीत, म्हणून त्यांचे बी जागच्या जागीच पेरावे.

या ऋतूतील मुख्य संकट म्हणजे दहिवर गोठण्याचे. मावठ्याचे ढग असतात तोवर भय नसते, कारण ते पांघरुणासारखे जमिनीची उष्णता अडवितात. आकाश निवळून वारा पडला की भूमी आपली उष्णता वेगाने आकाशात सोडते व पानांचा पृष्ठभाग वरच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. छातीच्या उंचीवरचा तापमापक ३ अंश दाखवीत असताना खाली पिटुनियावर हिमकण साचू शकतात. थंड हवा जड असल्याने ती सखल भागी गोळा होते. तेथील वाफ्यांना प्रथम झळ लागते. अशा दिवशी दुपारनंतर वाफे भिजवावेत, कारण ओली माती कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठविते. रात्री गवताचे छप्पर घालावे व सकाळी ते काढण्यास विसरू नये.

मार्च सरता सरता वाफे पिवळे पडू लागतात. तेव्हा पक्व शेंगा व बोंडे खुडून बी सावलीत वाळवावे. त्या सुमारास नगराबाहेरच्या माळांवर पळस पेटलेला असतो, आणि कुंपणावरची बोगनवेल कोरड्या मातीतही भरास येते. तिचा रंग पाकळ्यांचा नसून कागदासारख्या पर्णदलांचा आहे. खरी फुले म्हणजे त्यांच्या मध्यभागी दिसणाऱ्या तीन बारीक पांढुरक्या नळ्या.