खारें पाणी गोडें करणारा पडदा

कूपनलिकेचें मचूळ पाणी पिण्याजोगें करणारीं यंत्रें आतां पुष्कळ गांवीं बसलीं आहेत. त्यांचा जीव आंतील पडद्यांत असतो. तो कशानें टिकतो व कशानें बिघडतो, हें यंत्रावर पैसा घालणाऱ्यानें जाणलें पाहिजे.

पूर्वींच्या मोटेचें उदाहरण घेऊं. कच्चें कातडें पाण्यांत फुगतें व कुजतें. तेंच बाभळीच्या अगर तरवडाच्या सालींत कमावलें म्हणजे सालींतील तुरट द्रव्य त्याच्या तंतूंना एकमेकांशीं जखडतें, आणि तें पाण्यांतही तग धरतें.

पडद्याचेंही तसेंच आहे. १९५९ च्या सुमारास अमेरिकेंत लोब व सौरिराजन यांनीं केलेल्या पडद्याचे रेणू लांब सांखळ्यांसारखे, पण परस्परांशीं न सांधलेले होते. तो दाबाखालीं चेपे व जंतू त्यास खात. पुढें १९७० नंतरच्या दशकांत कॅडॉट यांनीं तीन हातांच्या रेणूंनीं सांखळ्यांत आडवे सांधे घातले. मिलिमीटरच्या सुमारें दहा हजारांश जाडीचा तो थर आज बहुतेक यंत्रांत असतो.

मात्र सांध्यांचें प्रमाण बेतानेंच असावें लागतें. ते थोडे असल्यास पडदा फुगतो. पाणी भरपूर येतें, पण क्षारही निसटतात. ते फार झाल्यास क्षार अडतात, परंतु पाणीही कमी येतें, व तेवढ्याच पाण्यास अधिक दाब, म्हणजे अधिक वीज, लागते.

या पडद्याचा मोठा शत्रू क्लोरीन होय. रोगराईच्या दिवसांत पाण्यांत ब्लीचिंग पावडर टाकतात, तें योग्यच आहे; परंतु तें पाणी कोळशाच्या गाळणींतून न जातां पडद्यावर गेलें, तर क्लोरीन त्याची वीण नासवतें. तें नुकसान धुऊन भरून येत नाहीं. म्हणून कोळसा वेळेवर बदलावा; त्यांत केलेली काटकसर अंगलट येते.

यंत्राजवळ एक वही ठेवावी. आंत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्यांतील क्षारांचें माप आणि तासास मिळणारें पाणी दरमहा लिहावें. गोडें पाणी घटलें व क्षार फारसे वाढले नाहींत, तर बहुधा पडद्यावर क्षारांचा थर बसला आहे. तो धुऊन निघतो. पाणी व क्षार दोन्ही वाढले, तर पडदाच गेला असें समजावें व तो बदलावा. तोंवर तें पाणी चवीवर विसंबून पिऊं नये.