चप्पल आपली, दावा कुणाचा?

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी घाटाची चप्पल दाखवली, तेव्हा निपाणीतले एक ओळखीचे चर्मकार मामा मोबाइल घेऊन माझ्या ऑफिसात आले. "वकीलसाहेब, कान आमचे, वेणी आमची. मग आमाला दावा का टाकता येत न्हाई?"

प्रश्न रास्त होता. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, हातानं शिवलेला तळ, घरातल्या बायकांनी विणलेल्या वेण्या, हे सगळं निपाणी, अथणी, मदभावीकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि बेळगावसह कर्नाटकाचे चार, नोंद मात्र एकच. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असताना दोन्ही राज्यं या एका कागदावर एकत्र आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण जीआय राखतं ते नाव. प्राडानं 'कोल्हापुरी' हा शब्द वापरलाच नव्हता. मग पेटंट? भांडी घडवण्याच्या यंत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्येच सांगितलं, की माहीत असलेल्या गोष्टीत कारागिराला सहज सुचेल असा फेरफार म्हणजे शोध नव्हे. डिझाइनच्या कायद्यालाही नवेपणच लागतं. 2008 मध्ये नक्षीच्या काचेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. नक्षीचे रोलर आधीपासून होते, पण काचेवर ती नक्षी आधी उमटलेली नव्हती, म्हणून नोंदणी टिकली. आपल्या चपलेचा घाट शेकडो वर्षांचा. त्याचं जुनेपण हाच आपला अभिमान, आणि कायद्यात तेच आडवं येतं. मला हा अन्याय वाटतो, पण आजचा कायदा असा आहे.

प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये फेटाळली. जीआयचे नोंदणीकृत मालक लिडकॉम आणि लिडकर ही दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं, दाद मागायची तर त्यांनी, असं न्यायालयाचं म्हणणं. त्या निकालाच्या बातम्यांत एक गोष्ट राहून गेली. कायद्यानं हा अधिकार मालकासोबत नोंदणीकृत 'अधिकृत वापरकर्त्या'लाही दिलाय. म्हणजे मामांचं नाव चेन्नईच्या जीआय रजिस्टरात असेल, तर कोल्हापुरीच्या नावावर कुणी नकली माल विकल्यास ते स्वतः कोर्टात जाऊ शकतात.

नव्या नमुन्यांचं वेगळं. पट्ट्याची नवी गुंफण काढली, नोंदवली नाही आणि पन्नासांहून जास्त जोड बनवले, की त्या नमुन्याच्या चित्रावरचा कॉपीराइटही जातो. एलएनजी वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगवरून आयनॉक्स आणि क्रायोगॅस यांच्यात झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2025 रोजी कॉपीराइट कायद्यातल्या याच कलमाचा उलगडा केला. चित्र निव्वळ कलाकृती आहे की कारखान्यातल्या मालाचं डिझाइन, हे आधी तपासायचं, मग त्यात रूप मुख्य आहे की उपयोग, ते बघायचं. मोठ्या कंपन्यांच्या भांडणातला हा निकाल आपल्या वेणीलाही लागू होतो.

मामांना मी हेच सांगितलं. एकट्या कारागिराला डिझाइनच्या अर्जाची सरकारी फी हजार रुपये. संरक्षण दहा वर्षं, वाढवलं तर पंधरा. पण अर्ज आधी आणि व्हॉट्सॲपवर फोटो नंतर, कारण एकदा चारचौघांत दाखवलेला नमुना कायद्याच्या लेखी नवा राहत नाही.