काटकसरीचे इंजिन अडखळते तेव्हा

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतून आर. टी. सी. क्रॉस रोड्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायंकाळी मोटारींची रांग मुंगीच्या पावलाने सरकत असते. सिग्नल हिरवा होतो, चालक पाय दाबतो, आणि एखादी जुनी मोटार क्षणभर थबकते, आचका देते व मग धावू लागते. मागचे भोंगे वाजतात. तेवढ्यावर निभावले तर ठीक. समोरून येणाऱ्या बसच्या आधी वळू पाहणाऱ्यास मात्र हाच क्षण महागात पडावयाचा.

पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून अधिक झाली की मिश्रण पातळ होते. पेट्रोल वाचते खरे; परंतु असे मिश्रण सावकाश जळते आणि ठिणगीला सहजी दाद देत नाही. टोयोटाने १९८४ मध्ये व होंडाने १९९२ च्या सिव्हिकमध्ये वीस भागांच्याही पलीकडे हवा देऊन इंजिने चालविली. मात्र धुरात उरलेल्या प्राणवायूमुळे नेहमीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजनची ऑक्साइडे आवरेनात, आणि नियम कडक होताच ही पद्धत मागे पडली.

भारतात हेच काम मेकॅनिकच्या पेचकसाने केले. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० सारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ‘अॅव्हरेज’ वाढावे म्हणून मिश्रणाचा स्क्रू आवळण्याची प्रथाच पडली. पाय दाबताच हवा तत्काळ आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहते, शिवाय काही नळीच्या भिंतींना चिकटते. ही तूट भरण्यासाठी कार्ब्युरेटरातील छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. मुळातच पातळ असलेले मिश्रण या क्षणी इतके विरते की ठिणगी वाया जाते. मेकॅनिक त्याला ‘मिसिंग’ म्हणतो.

दोष मात्र नेहमी स्क्रूचाच नसतो. झिजलेला प्लग, व्हॅक्यूमच्या पाइपची बारीक चीर, पंपाचा फाटका पडदा, या उणिवा दाट मिश्रण झाकून टाकते. पातळ मिश्रण त्या चव्हाट्यावर आणते. त्या न पाहता मिश्रण दाट केले, तर अडखळणे थांबते, पेट्रोल मात्र विनाकारण जळत राहते.

जुन्या गाडीवाल्यांपुढे आता आणखी एक कारण उभे आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेरा भागांच्या आसपासच हवा पुरते. इंजेक्शनच्या गाडीतील संगणक धुरातील प्राणवायू मोजून तेवढे इंधन वाढवितो. कार्ब्युरेटरला ही जाण नाही. त्याच जेटमधून तेवढेच इंधन येते आणि मिश्रण आपोआप पातळ होते. आधीच आवळून ठेवलेला स्क्रू तेथे थोडा सैल करावाच लागतो, मग अॅव्हरेज उतरले तरी.