एकदाच बांधा, पण आधी हिशेब मांडा

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा कोल्हापूरजवळची शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत लहान लहान शेडमध्ये आठ-दहा कामगारांची मशिन शॉप दिसतात. मालक बहुधा एके काळचा टर्नर किंवा फिटर. पै पै जमवून त्याने एक लेथ घेतलेला असतो, मग दुसरा, मग एक सीएनसी. आज त्याच्यासमोर नवा प्रश्न उभा आहे. लेथचे आणि मिलिंगचे काम एकाच ठिकाणी करणारे बहुउपयोगी मशिन घ्यावे का? घ्यायचे तर कोणते? त्याची किंमत साध्या सीएनसी लेथच्या कित्येक पट असते. कर्जासाठी शेड आणि कधी राहते घरही तारण ठेवावे लागते. म्हणून हा प्रश्न नुसता तांत्रिक नाही, तो घराचाही आहे.

प्रथम हे मशिन करते काय ते पाहू. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात जागेवर असतो. टर्निंगचे तसेच आहे. जॉब फिरतो आणि हत्यार त्याला कापत जाते. सुताराच्या गिरमिटात उलट असते. लाकूड जागेवर आणि पाते फिरते. मिलिंग आणि ड्रिलिंग या जातीचे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे पहिले मिलिंग मशिन लोकांना दाखवण्यात आले. पुढे लेथही संगणकाच्या आज्ञेत आले आणि त्यानंतर या दोन्ही क्रिया एकाच मशिनमध्ये नांदू लागल्या.

आता हायड्रॉलिक जोडणीचा एखादा भाग घ्या. तो बाहेरून गोल असतो, पण त्याला दोन सपाट बाजू, आडवी भोके आणि आटेही लागतात. जुन्या पद्धतीत तो लेथवर एका बाजूने होतो, उलटा बांधून दुसऱ्या बाजूने होतो, मग मिलिंगला जातो आणि शेवटी ड्रिलिंगला. म्हणजे चार वेळा बांधणी आली. प्रत्येक वेळी चकात पकडताना केंद्र काही शतांश मिलिमीटरने इकडेतिकडे होऊ शकते आणि असे फरक एकात एक मिसळत जातात. शिवाय दोन कामांच्या मधल्या काळात जॉब ट्रेमध्ये पडून राहतो, तो वेळ वेगळाच. एकदाच बांधून सगळे काम उरकले तर ही दोन्ही दुखणी जातात. या मशिनचा खरा फायदा इथे आहे. धातू कापण्याचा वेग त्याने फारसा वाढत नाही.

मग ते सगळ्यांनीच घ्यावे का? एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. समजा, लेथवरच्या पहिल्या बाजूला ६ मिनिटे, दुसऱ्या बाजूला ४, मिलिंगला ५ आणि ड्रिलिंगला ५, असे कापण्याचे २० मिनिटे लागतात. प्रत्येक बांधणीला २ मिनिटे आणि प्रत्येक मशिनच्या सेटिंगला दीड तास. ऑर्डर फक्त २० नगांची असेल तर चार सेटिंगांचे ३६० मिनिटे आणि कामाचे ५६० मिनिटे, मिळून ९२० मिनिटे होतात. बहुउपयोगी मशिनवर सेटिंग थोडे किचकट म्हणून ३ तास धरू. एका नगाला २२ मिनिटे. एकूण ६२० मिनिटे झाले. पाच तास वाचले, ट्रेमधला मुक्काम वाचला तो निराळाच.

आता ऑर्डर २००० नगांची आहे असे समजा. चार साधी मशिन एका ओळीत एकाच वेळी चालतात. सर्वांत सावकाश मशिनला बांधणीसह ८ मिनिटे लागतात, म्हणून दर ८ मिनिटांनी एक नग बाहेर पडतो. सगळी ऑर्डर सुमारे २६७ तासांत पुरी होते. एकट्या बहुउपयोगी मशिनला मात्र प्रत्येक नगामागे २२ मिनिटे, म्हणजे सुमारे ७३३ तास लागतात. दोन स्पिंडल एकाच वेळी काम करणारे मशिन असेल तर हा काळ कमी होतो, पण चार मशिनच्या ओळीची बरोबरी करणे त्यालाही सहसा जमत नाही. अर्थात, त्या ओळीला चार मशिन आणि त्यांवरची माणसे लागतात, हेही मोजायला हवे. तरीही निष्कर्ष सरळ आहे. नग थोडे, प्रकार अनेक आणि बांधण्या जास्त, तिथे हे मशिन शोभते. वर्षानुवर्षे एकच जॉब हजारोंनी करायचा असेल तर साध्या मशिनची ओळ बरी.

घ्यायचेच ठरले तर किती सोयींचे घ्यावे? याच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर लेथच्या टरेटमध्ये फिरती हत्यारे असतात आणि स्पिंडलला हव्या त्या कोनात थांबवता येते, त्याला सी अक्ष म्हणतात. मध्याकडे जाणारी भोके आणि साध्या खाचा एवढ्यात होतात. मध्यापासून बाजूला सरकलेली भोके किंवा अचूक रुंदीच्या खाचा हव्या असतील तर हत्यार वर-खाली सरकायला हवे. ती सोय म्हणजे वाय अक्ष. जॉबची मागची बाजूही तिथेच करायची तर समोर दुसरा स्पिंडल लागतो. आणि तिरकी भोके, वळणदार पृष्ठभाग असतील तर मिलिंगचे डोके कलते हवे. तो बी अक्ष, आणि त्याच्याबरोबर हत्यारे आपोआप बदलणारे मॅगझिनही येते. प्रत्येक पायरीला किंमत वाढते. आपल्या ड्रॉइंगमध्ये एकही तिरके भोक नसेल तर बी अक्षाचे पैसे कशासाठी मोजायचे?

उलटी चूकही होते. टरेटमधल्या फिरत्या हत्याराची ताकद बेताची असते. भोके, आटे, लहान खाचा यांना ती पुरते. पण ओतकामाच्या जॉबवर रुंद सपाटी घासायची असेल तर हत्यार थरथरते आणि पृष्ठभाग बिघडतो. अशा कामाला दणकट मिलिंग स्पिंडल असलेलेच मशिन पाहावे, नाहीतर ते काम व्हीएमसीवरच ठेवावे.

मशिनची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. फिरत्या हत्यारांचे होल्डर महाग असतात. प्रोग्रॅमसाठी कॅम सॉफ्टवेअर लागते आणि त्या सॉफ्टवेअरची भाषा नेमक्या त्याच मशिनला समजेल अशी करून घ्यावी लागते. आतल्या जागेत दोन स्पिंडल, टरेट आणि हत्यारे यांची दाटी असते. एक आकडा चुकला तर धडक बसते आणि स्पिंडलची दुरुस्ती फार महागात पडते. म्हणून प्रोग्रॅम आधी संगणकाच्या पडद्यावर चालवून पाहणे हा नियमच करावा. विजेचा चढउतार, स्वच्छ हवेचा कॉम्प्रेसर, पक्का पाया हेही हिशेबात धरावे. तापमानही विसरू नये. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी जॉब १० अंशांनी तापला तर सुमारे १२ मायक्रॉन वाढतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपार आणि पहाट यांच्यात एवढा फरक सहज पडतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मशिन किती तास चालणार? समजा, किंमत १ कोटी २० लाख रुपये आणि ती ७ वर्षांत वसूल करायची आहे. वर्षाला ४००० तास, म्हणजे दोन पाळ्या चालले तर व्याज सोडून तासाला सुमारे ४२९ रुपये भांडवलाचे पडतात. एकाच पाळीत २००० तास चालले तर तेच ८५७ रुपये होतात. आणि एक गोष्ट मनात पक्की असावी. चारांपैकी एक साधे मशिन बंद पडले तर तीन चालू राहतात. हे एक बंद पडले तर सगळेच थांबते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. सर्व्हिस इंजिनिअर कुठून येतो, किती वेळात येतो आणि सुटे भाग देशात मिळतात का, हे विचारावे.

माणसांचाही विचार हवा. चार मशिनचे काम एकावर आले की बाकीच्यांचे काय, ही धास्ती शेडमध्ये पसरतेच. जुन्या टर्नरला कोणते पोलाद कसे कापले जाते हे आवाजावरून कळते. हे ज्ञान कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. प्रोग्रॅम शिकलेला तरुण आणि असा जाणता कारागीर यांची जोडी लावली, दोघांनाही प्रशिक्षणाला पाठवले, तर मशिन लवकर कामाला लागते. किमान दोन माणसे तयार असावीत. एकच असला आणि तो सोडून गेला तर महागडे मशिन झाकून ठेवायची वेळ येते.

तेव्हा खरेदीआधी एक काम करावे. गेल्या बारा महिन्यांची जॉब कार्डे काढावीत. प्रत्येक जॉबचे नग किती, बांधण्या किती, सेटिंगला वेळ किती गेला आणि कोणत्या मापात माल परत आला, हे एका वहीत उतरवावे. त्यातले सर्वांत अवघड तीन जॉब निवडून त्यांची ड्रॉइंग विक्रेत्याकडे द्यावीत आणि आपल्यासमोर, आपल्याच धातूत ते करून दाखवायला सांगावेत. वेळ घड्याळ लावून मोजावा. सुरुवातीचा नग आणि मशिन तापल्यानंतरचा नग, दोन्हींची मापे घ्यावीत. बेंगळुरूच्या इमटेक्ससारख्या प्रदर्शनात मशिन झगमगते, तिथे ॲल्युमिनियमची सुबक फुले कातून दाखवतात. आपल्याला फुले विकायची नाहीत. आपल्या वहीतल्या आकड्यांना जे मशिन उत्तर देईल तेच आपले. आणि वही जर सांगत असेल की आणखी एक साधा लेथ पुरेसा आहे, तर तेही ऐकावे.