धुराड्यातला वायू आणि शेताखालची जमीन

जुन्या विहिरीतला गाळ काढायचा असला, की जाणता माणूस आधी पेटता कंदील दोराने खाली सोडतो. कंदील विझला तर कोणी उतरायचे नाही. सांगलीकडे हळदीचे पेव उघडल्यावरही माणसे लगेच आत उतरत नाहीत. तळाशी साचणारा तो जड वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. ना दिसतो, ना वास येतो.

हाच वायू कोळशाच्या वीज केंद्रांतून रोज हजारो टन बाहेर पडतो. जग तापते आहे ते मुख्यतः त्याच्यामुळे. तो धुराड्यातच धरून जमिनीत खोल गाडायचा, अशी एक विद्या आहे. धूर एका रसायनातून नेतात, रसायन वायू शोषून घेते. मग ते तापवून वायू सोडवायचा आणि दाबून पाइपलाइनने न्यायचा. कॅनडातील सस्काचेवान प्रांतात बाउंडरी डॅम केंद्राच्या एका संचावर २०१४ साली हे काम सुरू झाले. पण वायू धरण्यातच संचाची जवळपास पाचवा हिस्सा वीज खर्ची पडते. म्हणजे दहा पायल्या दळायला दोन पायल्या चक्कीवाल्याच्या! २०१८ मध्ये तिथल्याच आणखी दोन संचांना ही यंत्रणा बसवायची नाही, असे ठरले.

शेतकऱ्याशी संबंध येतो तो पुढे. त्याच प्रांतात वेबर्न हे तेलक्षेत्र आहे, वर गव्हाची शेते. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटामधल्या कोळशापासून गॅस करणाऱ्या कारखान्याचा वायू २००० सालापासून तिथे सुमारे दीड किलोमीटर खोल सोडला जाऊ लागला. त्याने तेल वर ढकलले जाते, आणि बराचसा वायू खालीच राहतो.

२०११ च्या जानेवारीत तिथल्या एका शेतकरी जोडप्याने जाहीर तक्रार केली. शेतातल्या तळ्यात बुडबुडे येतात, जनावरे मरून पडतात, खालचा वायू वर येतो आहे. त्यांनी स्वतः नेमलेल्या तपासनिसाने मातीतला वायू तपासला. त्यातल्या कार्बनची खूण गाडलेल्या वायूशी जुळते, असे निघाले. झाले, मोठा गवगवा झाला.

पण कोळसा तरी मुळात काय? गाडली गेलेली झाडेच की! म्हणून कोळशाच्या आणि आजच्या पिकाच्या मुळांतून निघणाऱ्या वायूची ती खूण सारखीच दिसू शकते. त्याच वर्षी दुसरी तपासणी झाली, तीत कार्बन-१४ पाहिला. हा कार्बन जिवंत झाडात असतो, लाखो वर्षांच्या कोळशात उरत नाही. शेतातल्या वायूत तो सापडला. शिवाय मातीत वायू जितका वाढला त्या मानाने प्राणवायू घटलेला होता, म्हणजे तो तिथेच, मुळे आणि जिवाणूंच्या श्वासातून झाला होता. डिसेंबर २०११ च्या अहवालाने गळती नाही असे सांगितले. शेतकऱ्याची शंका मात्र खुळी नव्हती. त्याच्या पायाखाली काय चालले आहे ते त्याला कोणी तरी सांगायलाच हवे होते.

पाइपलाइनची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात सटार्शिया या लहानशा गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० रोजी अतिपावसाने उताराची माती सरकली आणि कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. वायू सखल भागात पसरला. गाड्यांची इंजिने प्राणवायूअभावी बंद पडली, माणसे बेशुद्ध झाली. सुमारे २०० जणांना हलवावे लागले, ४५ जण दवाखान्यात गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. विहिरीतला कंदील विझतो, तसाच हा प्रकार, फक्त गावभर. वायू गावापर्यंत येईल हे कंपनीने धरलेच नव्हते, आणि स्थानिक बचाव पथकांना पाइपलाइनची पुरेशी माहिती नव्हती.

आपल्याकडेही हा विषय यायचा आहे. दख्खनचा काळा पाषाण हा बेसॉल्ट. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवलेला हा वायू अशाच खडकात सोडला, तर दोन वर्षांत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दगड होऊन बसला. त्यामुळे शास्त्रज्ञांचे लक्ष दख्खनकडेही गेले आहे. चंद्रपूर, कोराडी, भुसावळची धुराडी याच राज्यातली. सर्वेक्षणाची माणसे उद्या शिवारात आली, तर तलाठी-ग्रामसेवकांनी पाइपलाइनचा नकाशा आधी मागून घ्यावा. आणि काम सुरू होण्याआधीच विहिरीच्या पाण्याची व मातीतल्या वायूची नोंद करून, तिची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.