प्रेअरीचा उन्हाळा आणि उथळ पाणी
(गवताळ प्रदेशांचे पक्षी : लेखांक ५)

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, कॅनडातील अल्बर्टा, सस्कॅचेवान व मॅनिटोबा या प्रांतांपासून अमेरिकेतील दोन्ही डकोटा, मिनेसोटा आणि आयोवापर्यंत सुमारे ७ लाख चौरस किलोमीटरचा पट्टा लहानमोठ्या खळग्यांनी भरलेला आहे. प्रेअरी पॉटहोल प्रदेश या नावाने तो ओळखला जातो. हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा बर्फाचे मोठमोठे तुकडे माती आणि गोट्यांत गाडलेले राहिले; ते वितळले तशी जमीन खचली आणि खळगे तयार झाले. यांतील बहुतेकांना ओढा किंवा नदी मिळत नाही. वितळलेले बर्फ आणि पाऊस त्यांना भरतो, ऊन आणि वारा त्यांना आटवतो. या खंडातील बदकांची निम्म्याच्या आसपास पिले याच प्रदेशात जन्माला येतात.

येथे उन्हाळ्यात कोणता पक्षी कोठे दिसेल हे पाण्याची खोली आणि ते किती दिवस टिकते यावर ठरते. मोठ्या, कायम भरलेल्या सरोवरांकडे पाहणाऱ्याचे लक्ष आधी जाते, पण बदकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असतात ती शेतातली वीतभर पाण्याची डबकी. बर्फ वितळताच ती भरतात आणि उथळ असल्याने लवकर तापतात. गोगलगायी, चिलटांच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव तेथे सर्वांत आधी वाढतात. अंडी घालण्यापूर्वी मादीला प्रथिने लागतात, ती तिला या डबक्यांतूनच मिळतात. जूनपर्यंत यांतील पुष्कळशी आटून जातात, तोवर पिले अंड्यांतून बाहेर येऊन मादीमागून जास्त टिकणाऱ्या पाण्याकडे निघालेली असतात.

जायकवाडी किंवा उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात दिसणारे तलवार बदक आणि थापट्या याच जातींचे पक्षी प्रेअरीवर वीण करतात. महाराष्ट्रात येणारे थवे मात्र आशियाच्या उत्तर व मध्य भागातले असतात. तलवार बदकाची मादी घरटे पाण्याजवळ न करता उघड्या गवतात, अनेकदा गेल्या हंगामाच्या धसकटांत करते, आणि तेही फार लवकर. वसंतात शेतात यंत्रे फिरू लागतात तेव्हा ती अंड्यांवर बसलेली असते. या जातीची संख्या गेल्या काही दशकांत घटली, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

जरा खोल, पाणकणसाने वेढलेल्या पाण्यात दुसरी वस्ती असते. कॅनव्हासबॅक आणि रेडहेड ही बुडी मारणारी बदके पाण्यातच पाणकणसाची पाने रचून घरटी बांधतात, आणि रेडहेडची मादी बरीच अंडी शेजारणींच्या घरट्यांत टाकते. पिवळ्या डोक्याचा ब्लॅकबर्ड खोल पाण्यावरची पाणकणसे बळकावतो आणि लाल खांद्याच्या ब्लॅकबर्डला काठाकडे ढकलतो; दोघांमधली सीमा काठावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. मोठ्या सरोवरांवर वेस्टर्न ग्रीब ही मोठी टिबुकली राहते. विणीच्या काळात तिची जोडी पाण्यावर ताठ उभी राहून शेजारी शेजारी धावते. पुढे पिले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात.

सर्वांत विलक्षण पक्षी म्हणजे विल्सनचा फॅलारोप. चिखलपक्ष्यांच्या कुळातला हा लहानसा पक्षी पाण्यात गरगर फिरत भोवरा करतो आणि वर आलेले किडे टिपतो. यात मादी नरापेक्षा मोठी आणि रंगाने अधिक उठावदार. नरासाठी माद्या आपसांत झगडतात. मादी साधारणपणे चार अंडी घालते आणि नर एकटाच ती उबवतो, पिलांनाही तोच सांभाळतो. त्यामुळे जूनच्या मध्यापासूनच माद्या परतीला लागतात. कॅलिफोर्नियातील मोनो लेक, युटातील ग्रेट सॉल्ट लेक अशा खाऱ्या सरोवरांवर त्या भरपूर खाऊन वजन वाढवतात, पिसे बदलतात आणि तेथून दक्षिण अमेरिकेच्या खाऱ्या सरोवरांकडे झेपावतात. उन्हाळा ऐन भरात असताना एका पक्ष्याचा हंगाम संपलेला असतो, हे कळल्यावर प्रेअरीचे सगळे वेळापत्रक निराळे दिसू लागते.

पाण्याभोवतीच्या गवतात वेस्टर्न मेडोलार्क कुंपणाच्या खांबावर बसून गातो. नॉर्थ डकोटासह सहा राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. बॉबोलिंकचा नर पोटाखाली काळा आणि पाठीवर पांढरा असतो. स्प्रेगच्या पिपिटचा नर उंच आकाशात गात घिरट्या घालतो. अशी एक फेरी तीन तासांपर्यंत चाललेली नोंदली गेली आहे. तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. या गवतातल्या पक्ष्यांची स्थिती बदकांहून बिकट आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक अभ्यासानुसार १९७० नंतर उत्तर अमेरिकेतील माळरानी पक्ष्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली.

जुलैत नर बदके मोठ्या दलदलीत जमतात, उडण्याची सर्व पिसे एकदम गाळतात आणि तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत. त्याच सुमारास आर्क्टिककडून परतणारे चिखलपक्षी आटत्या काठांवर उतरू लागतात. पाणी आटणे ही येथे आपत्ती नाही. उघड्या चिखलात बिया रुजतात, कुजलेल्या वनस्पतींतील पोषकद्रव्ये मोकळी होतात, आणि पुढल्या वेळी भरलेले तळे पहिल्यापेक्षा सुपीक असते.

म्हणूनच उथळ डबकी नष्ट होणे सर्वांत घातक, आणि बुजवायला तीच सर्वांत सोपी. आयोवातील ९० टक्क्यांहून अधिक आणि नॉर्थ डकोटातील निम्म्याच्या आसपास पाणथळ जागा चर खणून किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून काढून टाकल्या गेल्या. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संघीय जलकायद्याचे संरक्षण वाहत्या पाण्याशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळींपुरते मर्यादित केले. एकाकी खळगे त्यातून वगळले गेले. उरलेला मोठा आधार म्हणजे १९५८ पासूनची योजना. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी घ्यावे लागणारे, १९३४ साली सुरू झालेले बदक-तिकीट विकून आलेल्या पैशातून सरकार काही जमिनी विकत घेते. काही ठिकाणी ते शेतकऱ्याला मोबदला देऊन खळगा न बुजवण्याचा कायमचा करार करते. जमीन शेतकऱ्याचीच राहते, आणि खळगा आपोआप आटला तर त्यात पेरणी करायला त्याला मोकळीक असते.